नसल्याची साक्ष

दिवाळीच्या अंकात काळोखाविषयी लिहिणे काहींना अप्रशस्त वाटेल. त्यांची समजूत घालण्यासाठी आरंभीच सांगून टाकतो, की ज्या द्रव्याविषयी मला लिहावयाचे आहे ते काळे नाहीच. इंग्रजीत त्याला ‘डार्क मॅटर’ म्हणतात आणि आपण त्याचे ‘कृष्णद्रव्य’ करून मोकळे झालो. पण काळी वस्तू उजेड अडविते. कंदिलाच्या काचेवर काजळी धरली तर ती आपल्याला दिसते, ती याचमुळे. हे द्रव्य उजेड अडवीत नाही, गिळीत नाही, परतवीतही नाही. प्रकाश त्यातून असा निघून जातो की जणू तेथे काही नव्हतेच. त्याला खरे म्हणजे ‘पारदर्शक द्रव्य’ म्हणावयास हवे होते. परंतु बारसे एकदा झाले की नाव बदलणे कठीण, तेव्हा आपणही कृष्णद्रव्यच म्हणू.

या द्रव्याची ठळक चाहूल १९३३ साली लागली. फ्रिट्झ झ्विकी नावाचा एक स्विस शास्त्रज्ञ तेव्हा कॅलिफोर्नियात काम करीत होता. माणूस तिरसट म्हणून प्रसिद्ध, पण नजर मोठी. ‘कोमा’ नावाच्या दीर्घिकांच्या पुंजक्याकडे पाहताना त्याच्या ध्यानी आले, की त्यातील दीर्घिका फार वेगाने धावत आहेत. इतक्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांचे वजन त्यांना बांधून ठेवण्यास मुळीच पुरे पडू नये. तो पुंजका केव्हाच विस्कटावयास हवा होता आणि विस्कटला तर नव्हता. तेव्हा न दिसणारे पुष्कळ द्रव्य तेथे असले पाहिजे, असे त्याने अनुमान केले. पुढे १९७० पासून व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी एकेका दीर्घिकेच्या कडेचे वेग मोजले, तेव्हा तिथेही हीच तऱ्हा आढळली. आजच्या हिशेबाप्रमाणे विश्वातील द्रव्याच्या सहा भागांपैकी सुमारे पाच भाग या न दिसणाऱ्या द्रव्याचे आहेत. तुम्ही, मी, पृथ्वी, सूर्य आणि सगळी नक्षत्रे मिळून उरलेला एक भाग.

गंमत अशी, की त्याच १९३३ च्या डिसेंबरात याच झ्विकीने वॉल्टर बाडे यांच्याबरोबर दुसरी एक कल्पना मांडली. मोठा तारा स्फोट पावून मरतो तेव्हा मागे केवळ न्यूट्रॉनांचा, अतिशय दाट असा एक गोळा उरत असावा, अशी ती कल्पना. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती! एकाच डोक्यात एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन सख्ख्या बहिणी. पण पुढे पन्नासहून अधिक वर्षे त्यांची गाठ पडली नाही. ती १९८९ साली इट्झहाक गोल्डमन आणि श्मुएल नुसिनोव्ह यांनी घालून दिली. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात कृष्णद्रव्य साठत असेल काय, आणि साठत असेल तर ते आपल्याला कळेल काय, असा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे हे उघडच आहे. पण मला त्यात एक दुसरा, फार जुना प्रश्न दिसतो. जे दिसत नाही त्याला ‘आहे’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा पोचतो? आणि ‘नाही’ म्हणण्याचा केव्हा?

पहिल्या अधिकाराबद्दल ज्योतिषाच्या इतिहासात एक मासलेवाईक कथा आहे. युरेनस ग्रह गणिताने सांगितलेल्या वाटेवरून किंचित ढळतो, यावरून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने पलीकडे एक न दिसलेला ग्रह असला पाहिजे असे ताडले. १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी त्या जागी दुर्बीण वळविली आणि पहिल्याच रात्री नेपच्यून सापडला. ल व्हेरिएचा जयजयकार झाला. पुढे बुध ग्रहही असाच किंचित ढळतो असे त्याला आढळले. १८५९ साली त्याने पूर्वीचीच युक्ती लढविली: सूर्याच्या अगदी जवळ न दिसलेले काही फिरत असले पाहिजे. त्या कल्पित ग्रहाला ‘व्हल्कन’ असे नाव मिळाले आणि तो पाहिल्याचे सांगणारे लोकही निघाले! तो कुठेच नव्हता. बुधाच्या ढळण्याचे कारण न दिसणारी वस्तू हे नव्हते. आपला गुरुत्वाकर्षणाचा नियमच तोकडा पडत होता, हे १९१५ साली आइन्स्टाइनने दाखविले.

म्हणजे माणूस तोच, बुद्धी तीच, युक्तिवादही अक्षरशः तोच. एकदा खरा ठरला, एकदा खोटा. कृष्णद्रव्य हे नेपच्यून आहे की व्हल्कन? नियमच बदलावयास हवा असे म्हणणारे आजही आहेत. इस्राएलचे मिलग्रोम यांनी १९८३ साली तसा एक पर्याय मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल कृष्णद्रव्याच्या बाजूने आहे, आणि त्याला सबळ कारणे आहेत. पण कौल म्हणजे साक्षात्कार नव्हे. द्रव्य आहे तर त्याचा कण कुठे तरी हाती लागला पाहिजे.

दुसऱ्या अधिकाराचा, म्हणजे ‘नाही’ म्हणण्याच्या अधिकाराचा, विचार आपल्याकडे जितका बारकाईने झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशाने कळते? भाट्ट मीमांसकांनी यासाठी ‘अनुपलब्धि’ नावाचे स्वतंत्र, सहावे प्रमाणच मानले. वेदान्त्यांनीही ते स्वीकारले. नैयायिकांनी स्वतंत्र प्रमाण मानण्याचे नाकारले, पण अभाव हा पदार्थ मात्र खरा धरला. हा वाद शतकानुशतके चालला, आणि त्यात शिरलो तर पुढची दिवाळी उजाडेल. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की केवळ न दिसण्याने काही सिद्ध होत नाही, हे साऱ्यांनी मान्य केले होते. घडा तेथे असता, तर जमीन जशी दिसते आहे तसाच तोही दिसला असता; तो दिसत नाही, म्हणून तो नाही. यातला ‘असता तर दिसला असता’ हा भाग वगळला, की सारी इमारत कोसळते. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यासाठी पिशाचाचे उदाहरण घेतो. पिशाच स्वभावतःच न दिसणारे; तेव्हा ते दिसत नाही एवढ्यावरून येथे पिशाच नाही असे म्हणता येणार नाही. फार तर संशय राहील.

घरात रोज हेच चालते. आई मुलाला फडताळातून जायफळ आणावयास सांगते. तो दारातूनच ओरडतो, ‘नाही तिथे!’ आई विचारते, ‘डबे हलवून पाहिलेस का?’ या एका प्रश्नात सगळी मीमांसा आली. न सापडणे दोघांचेही सारखेच. पण मुलाचे ‘नाही’ हे प्रमाण नव्हे, आणि डबे हलवून आलेल्या आईचे ‘नाही’ हे प्रमाण आहे.

आता कृष्णद्रव्याकडे वळू. ते पकडण्यासाठी माणसे जमिनीच्या पोटात शिरली आहेत, कारण वर आकाशातून सतत बरसणाऱ्या विश्वकिरणांच्या गोंगाटात एवढीशी हालचाल ऐकू यावयाची नाही. (या कामी आपली कोलारची सोन्याची खाणही जुनी मानकरी आहे, वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल पहिल्याने जिथे लागली त्या मोजक्या ठिकाणांपैकी ती एक, आणि साल १९६५.) अमेरिकेत दक्षिण डाकोटामध्ये अशाच एका जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, सात टन द्रवरूप झेनॉन भरलेले पिंप ठेवून शास्त्रज्ञ वाट पाहत बसले आहेत. २०२२ साली त्यांनी पहिला निष्कर्ष जाहीर केला, २०२४ साली त्याहून सूक्ष्म असा दुसरा. दोन्हींचा मथितार्थ एकच: काही सापडले नाही. हे ‘नाही’ आईचे आहे, मुलाचे नव्हे. डबे चांगले हलवून पाहिलेले आहेत. तरीही कृष्णद्रव्याचा कैवारी म्हणू शकतो, की कण याहून लाजरा असेल, याहून हलका असेल, याहून विरळ असेल. आणि तसे म्हणण्याचा त्याला हक्क आहे. सात टन झेनॉन आपल्याला पुष्कळ वाटतो. ज्या कणाला सारी पृथ्वी म्हणजे मोकळी चाळण, त्याच्या हिशेबी तो काहीच नाही. येथेच कृष्णद्रव्य हळूहळू घड्याच्या वर्गातून पिशाचाच्या वर्गात सरकू लागते. प्रत्येक शोधानंतर एक पाऊल मागे सरणारी वस्तू पकडावयाची कशी?

न्यूट्रॉन तारा कामी येतो तो या ठिकाणी. कारण या पिशाचाला घडा करून सोडण्याची शक्ती त्याच्यात आहे.

सूर्याच्या सुमारे दीडपट वजन, आणि रुंदी वीस-पंचवीस किलोमीटर! चर्चगेटला गाडीत बसून अंधेरीला उतरणारा माणूस जेवढे अंतर तोडतो, तेवढाच काय तो या ताऱ्याचा पसारा. त्यातला खडीसाखरेच्या खड्याएवढा तुकडा काढला तर त्याचे वजन कोट्यवधी टन भरेल. अशा ताऱ्याच्या वाटेस गेलेला कृष्णद्रव्याचा कण प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने आत ओढला जातो, आणि आत इतकी दाटी, की कुणाला तरी धक्का दिल्यावाचून त्याला पलीकडे निघता येणे कठीण. पृथ्वीवरच्या पिंपातून जो कण निर्धास्तपणे निसटतो, तोही येथे अडकण्याचा संभव आहे. आणि हे पिंप कोट्यवधी वर्षे उघडे ठेवलेले आहे. त्याला ना वीज लागते, ना अनुदान.

कण अडकले तर दोन गोष्टी घडतील. धक्क्याधक्क्याने त्यांचा वेग ताऱ्याला उष्णतेच्या रूपाने मिळेल आणि तारा किंचित उबदार राहील. शिवाय हे कण भेटताच एकमेकांचा नाश करणारे नसतील तर मध्यभागी साठत जातील. साठून साठून किती? आपल्या शेजारच्या भागात ताऱ्याच्या सबंध आयुष्यात फार तर पंधरा-वीस किलोमीटर रुंदीच्या एखाद्या खडकाळ लघुग्रहाएवढे. ताऱ्याच्या मानाने हे नगण्य आहे. पण कण पुरेसे जड असतील तर हे बीज आपल्याच भाराने आत कोसळेल आणि त्याचे एक अतिसूक्ष्म कृष्णविवर होईल. भार किती झाला म्हणजे कोसळावयाचे, याचे गणित ज्या जातीचे आहे त्याचा पाया एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखरांनी १९३० साली मुंबईहून विलायतेस जाताना बोटीवर घातला होता. हे विवर विरून न जाता टिकले, तर बसल्या जागी आतून तारा पोखरून खाईल. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसेल? एक ठोका देणारा तारा होता, तो आता नाही.

म्हणून आकाशातील वृद्ध न्यूट्रॉन तारे हे साक्षीदार ठरतात. पीएसआर जे ०४३७-४७१५ असे रूक्ष नाव असलेला एक स्पंदक आपल्यापासून सुमारे पाचशे प्रकाशवर्षांवर आहे. तो सेकंदाला १७३ वेळा गरकन फिरतो, आणि त्याचे वय शेकडो कोटी वर्षे असावे. इतकी वर्षे कृष्णद्रव्याच्या धुक्यातून चालूनही तो खाल्ला गेलेला नाही. म्हणजे अमुक वजनाचे, अमुक इतके धक्के देणारे, नाश न पावता साठत जाणारे असे जे कण आपण कल्पिले होते, त्यांपैकी कित्येक जाती बाद झाल्या. तो तारा काही बोलत नाही. नुसता जिवंत आहे. त्याचे जिवंत असणे हीच साक्ष.

मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या साक्षीवर काम झाले आहे. तेथील बासुदेब दासगुप्ता आणि त्यांचे सहकारी रंजन लाहा व अनुपम रे यांनी २०२१ साली असा मुद्दा मांडला, की तारे असे आतून खाल्ले जात असतील, तर सूर्याएवढ्या किंवा त्याहूनही हलक्या वजनाची कृष्णविवरे मागे उरावीत. एरवी तारा मरून एवढे हलके विवर होत नाही. अशी दोन विवरे एकमेकांवर आदळली तर गुरुत्वलहरींच्या यंत्रांना ते कळावे. २०२३ साली सुलग्ना भट्टाचार्य यांच्यासह याच मंडळींनी पुढचे पाऊल टाकले: अमेरिकेतील ‘लायगो’ यंत्रांना तोवर तसे काही आढळलेले नाही, या न आढळण्यावरूनच त्यांनी कृष्णद्रव्याच्या गुणधर्मांना मर्यादा घालून दिल्या. मराठवाड्यात औंढा नागनाथच्या परिसरात असेच एक यंत्र उभे राहावयाचे आहे. ज्योतिर्लिंगाच्या गावी न दिसणाऱ्याचा शोध चालावा, हे मला तरी विसंगत वाटत नाही.

पण सगळेच न दिसणे इतके सरळ नसते. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी कृष्णद्रव्य फार दाट असावे असे मानतात. तेथे स्पंदकही पुष्कळ असावयास हवेत. प्रत्यक्षात अगदी मध्याजवळ ते सापडतच नाहीत म्हटले तरी चालेल. २०१३ साली तेथे एक सापडला, पण तो वेगळ्या, प्रचंड चुंबकीय जातीचा. २०१४ साली जोसेफ ब्रॅमांटे आणि टिम लिंडन यांनी सुचविले, की कदाचित कृष्णद्रव्यानेच ते तारे खाल्ले असतील. कल्पना विलक्षण आहे. परंतु दुसरे लोक विचारतात, की ते असते तर दिसले असते कशावरून? मधल्या वायूच्या ढगांतून येताना त्यांचे ठोके विखुरले जातात, एकमेकांत मिसळून पुसट होतात. म्हणजे तारे नाहीत, की तारे आहेत पण त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही?

या प्रश्नापाशी मी बराच वेळ थबकलो, कारण तो मला केवळ ताऱ्यांचा वाटला नाही. ‘आमच्या सुना कधी तक्रार करीत नाहीत,’ असे अभिमानाने सांगणारी घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ‘आमच्या गावात जातिभेद मुळीच नाही, कधी कुणी काही बोलल्याचे ऐकिवात नाही,’ असे पारावर बसून सांगणारे सज्जनही पाहिले आहेत. ती माणसे खोटे बोलतात असे नाही. त्यांच्या कानांवर खरोखरच काही आलेले नसते. पण त्यांना आईचा प्रश्न विचारावयास हवा: डबे हलवून पाहिलेत का? दुःख असते तर ते तुमच्यापर्यंत पोचावे अशी वाट घरात ठेवली होती का? सून बोलली असती तर तिचे कुणी ऐकले असते का? गावाबाहेरच्या वस्तीतला माणूस पारापर्यंत येऊन बोलू शकत होता का? जिथे बोलण्याची सोय नाही तिथल्या शांततेवरून सुख सिद्ध होत नाही. पिशाचासारखा संशय तेवढा सिद्ध होतो. अभावाची साक्ष काढण्याआधी साक्षीदाराला बोलता येते की नाही हे पाहणे, हा तर्काचा नियम आहेच, पण मला तो त्याहून अधिक नीतीचा नियम वाटतो. आणि तो पाळणे गैरसोयीचे असते. शांततेचा सोयीस्कर अर्थ लावण्यात घरातल्या कर्त्या माणसाचा जो लाभ असतो, तो सोडून द्यावा लागतो.

शास्त्रज्ञालाही लाभ सोडावा लागतो. आयुष्याची तीस वर्षे एका कणाच्या मागे घातलेल्या माणसाने ‘तो नाही’ असे म्हणणे सोपे नव्हे. म्हणून मला त्या विद्येतली एक रीत फार मोलाची वाटते: काय दिसले म्हणजे आपण हरलो, हे आधीच लिहून ठेवावयाचे. २०१७ साली माशा बार्याख्तार, ब्रॅमांटे, शर्ली ली, लिंडन आणि निर्मल राज या पाच जणांनी ताऱ्याच्या उबेचे गणित मांडले. एकाकी न्यूट्रॉन तारा दोन-तीन कोटी वर्षांत निवून हजार केल्विनच्याही खाली जावयास हवा. पण तो कृष्णद्रव्याचे धक्के पुरेपूर खात असेल, तर आपल्या शेजारच्या भागात त्याचे तापमान १७५० केल्विनच्या आसपास अडून राहील. मिणमिणत्या निखाऱ्याहून थोडे अधिक, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात.

यात एक खोच आहे, आणि तीच मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. समजा, उद्या असा उबदार तारा सापडला. कृष्णद्रव्य सिद्ध झाले का? नाही. ऊब दुसऱ्या कारणांनीही येऊ शकते. फिरण्याचा वेग मंदावताना ताऱ्याच्या आत जे फेरबदल होतात, जी घर्षणे होतात, त्यांनीही तो तापतो. वाद सुरूच राहील. परंतु समजा, खरोखर निवालेला, हजार केल्विनच्याही खालचा, म्हातारा तारा सापडला. मग ऊब आणणारे हे नव्हते, ते नव्हते आणि कृष्णद्रव्याचे धक्केही नव्हते, असे बरेच निश्चयाने म्हणता येईल. म्हणजे येथे दिसणे दुबळे आहे आणि न दिसणे बळकट आहे. आपल्या रोजच्या समजुतीच्या हे नेमके उलट. आणि शोधणाऱ्याला मनातून जे सापडावेसे वाटते त्यापेक्षा जे सापडू नयेसे वाटते, त्याचीच साक्ष येथे अधिक भरवशाची.

अजून तेवढा थंड तारा पाहण्याची आपली पोच नाही. पीएसआर जे २१४४-३९३३ नावाचा एक तारा आहे. त्याचे वय तीस कोटी वर्षांच्या घरात, आणि त्याला एक फेरी पुरी करण्यास साडेआठ सेकंद लागतात. त्याच्या जातीच्या मानाने अगदी रमतगमत. हबल दुर्बिणीने त्या जागेकडे रोखून पाहिले आणि तिला काहीही दिसले नाही. त्या न दिसण्यावरून २०१९ साली हिशेब निघाला, की त्याचे तापमान ४२,००० केल्विनपेक्षा कमी असले पाहिजे. आजवर मोजलेला सर्वांत थंड न्यूट्रॉन तारा म्हणून त्याची नोंद झाली.

बेचाळीस हजारांपासून पावणेदोन हजारांपर्यंत अजून पुष्कळ उतरावयाचे आहे. त्यासाठी याहून फार जवळचा, तीसएक प्रकाशवर्षांच्या आतला एखादा म्हातारा तारा हवा. तो आधी रेडिओ दुर्बिणींनी त्याच्या ठोक्यांवरून हुडकावयाचा; खोडदच्या माळावरच्या आपल्या तीस तबकड्या अशाच ठोक्यांचा मागोवा घेत असतात. मग २०२१ च्या नाताळात आकाशात गेलेली जेम्स वेब दुर्बीण त्या जागी वळवावयाची, आणि एकाच ठिपक्याकडे पुष्कळ तास टक लावून पाहावयाचे. इतका जवळचा तारा अजून कुणाला सापडलेला नाही.